लिंबात व्हिटॅमिन असतं

“बॅटरी आण,” मामंजी म्हणाले.

मी बॅटरी आणून दिली. मामंजी हॉलच्या मधोमध पालथे पडले होते. उजवा गाल फरशीला टेकलेला, डावा डोळा मिटलेला, अंगात बंडी. वय सहासष्ट. नाकापासून चार बोटांवर काहीतरी भयंकर घडलेलं होतं आणि ते फक्त त्यांना दिसत होतं.

“हा बघ. ओरखडा. काल नव्हता.”

मीही शेजारी पालथी झाले. लग्न होऊन नऊ महिने झाले होते आणि तेवढ्यात मी देवापुढे वाकले नसेन इतकी त्या फरशीपुढे वाकले होते.

“मामंजी, केस आहे तो.” मी तो चिमटीत धरून दाखवला.

“कोणाचा?”

“पांढरा आहे.”

मामंजी उठले, बॅटरी विझवली आणि पेपर वाचायला गेले.

आमचं घर वाईत, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत. मामंजी, म्हणजे गजानन बापट, कोर्टात नाझर होते. जन्मभर त्यांनी इतरांच्या घरांवर जप्तीच्या नोटिसा डकवल्या आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या घरात पांढरा मकराणा संगमरवर बसवला. फक्त हॉलला आणि हॉलला लागून असलेल्या देवघराला. स्वयंपाकघरात शहाबादी होती. तिथे तुम्ही दूध सांडा, खलबत्ता आपटा, रांगा, लोळा, कोणी विचारत नसे. हॉलमध्ये मात्र कायदा होता. मिस्त्रीने जाताना सांगितलेले नियम मामंजींनी सुवाच्य अक्षरात लिहून, फ्रेम करून, देवाच्या तसबिरीशेजारी टांगले होते. पाच नंबरचा नियम: ‘ॲसिड वापरू नये.’

रोज तीन वेळा पुसायचं. आधी कोरड्या फ्लॅनेलने, म्हणजे वाळूचा कण राहत नाही. मग साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने. मग मामंजींच्या जुन्या धोतराने कोरडं करायचं. साबण नाही, सोडा नाही, फिनेल तर नाहीच. चहा सांडला तर टिपायचा, पुसायचा नाही, कारण पुसला की पसरतो. खुर्च्यांच्या पायांत माझ्या नवऱ्याचे जुने मोजे घातलेले. घरी आलेल्या पाहुण्याला आपण बसलोय ती खुर्ची आपल्यापेक्षा बऱ्या कपड्यात आहे असं वाटायचं.

कामाला तीन बायका लावून झाल्या होत्या. तिघींनाही मामंजींनी काढलं. “त्यांच्या पायांना वाळू असते,” ते म्हणत. मग ती फरशी सहा वर्षं सासूबाईंनी पुसली. त्यांचे गुडघे गेले, त्याच महिन्यात आमचं लग्न ठरलं. यात योगायोग किती आणि योजना किती हे मी कधी विचारलं नाही.

सासूबाई बोलत कमी. मामंजी बोलत असताना त्या तांदूळ निवडत. तांदूळ नसले तर डाळ निवडत. हॉलमधला टीपॉय खिडकीखालच्या कोपऱ्यात होता, जिथे कोणाचाच हात पोचत नसे. मी आल्या आल्या तो मध्ये ओढायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “राहू दे गं. तिथंच बरा दिसतो.” एरवी या बाईंना स्वतःचं म्हणून काही मत असेल असं मला वाटत नव्हतं.

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी., मिरजेची. नवीन सून म्हणून तोंड मिटून बसायचं वळण होतं, पण पाच नंबरचा नियम वाचून एकदा राहवलं नाही.

“मामंजी, ॲसिड म्हणजे बाटलीतलंच नाही हं. लिंबातही ॲसिड असतं. चिंचेत, ताकातसुद्धा. संगमरवर म्हणजे चुनखडीच की एका अर्थी. लिंबाचा थेंब पडला तरी चट्टा उठेल.”

मामंजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“लिंबात व्हिटॅमिन असतं,” ते म्हणाले. “सी.”

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. माझा नवरा उदय बँकेत होता. तो बँकेत नसतानाही बँकेतच असल्यासारखा बसे. त्याने पेपरचं पान उलटलं.

त्या श्रावणात मला साखर कारखान्याचं पत्र आलं. प्रयोगशाळेत केमिस्टची जागा. लग्नाआधी अर्ज केला होता आणि विसरूनही गेले होते. गौरी-गणपतीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं होतं. मी ते पत्र पदराआड धरून तीन खोल्या फिरले. वर्गात पहिली आले तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

“नोकरीला माझी ना नाही,” मामंजी म्हणाले. “फक्त फरशी कोण पुसणार, तेवढं सांग.”

“सकाळी जायच्या आधी पुसेन. संध्याकाळी आल्यावर पुसेन.”

“आणि दुपारची?”

मी उदयकडे पाहिलं. उदयने पंख्याकडे पाहिलं.

“सण तोंडावर आहे,” मामंजी म्हणाले. “येणंजाणं होईल. सण पार पडू दे. फरशीला काही झालं नाही तर तुझ्या अर्जाचा विचार करू. झालं, तर मग फरशीला चोवीस तास माणूस लागतं हे सिद्धच झालं. तूर्त तहकूब.”

कोर्ट सुटलं, पण कोर्टाने नाझर सोडला नव्हता.

गौरीच्या आदल्या दिवशी पुण्याहून द्वारकाआत्या आल्या. मामंजींची थोरली बहीण. जगात मामंजी दोनच गोष्टींना भीत, वाळूला आणि ताईला. आत्यांनी हॉलमध्ये पाऊल ठेवलं आणि उंबरठ्यापासून देवघरापर्यंत चिकटवलेले लक्ष्मीच्या पावलांचे प्लास्टिकचे स्टिकर त्यांना दिसले. दरवर्षी हेच होत असे. गौर प्लास्टिकवरून येई आणि प्लास्टिकवरून जाई.

“बाळ्या, हे काय?”

“ताई, कुंकवाचा डाग पडतो.”

“सुनेची पहिली गौर, आणि स्टिकरवरून आणतोस? आपल्या आईनं शेणाच्या जमिनीवर पावलं काढली, ती काय वेडी होती?” त्या वाकल्या आणि पहिला स्टिकर नखाने उचकटला. फर्रकन आवाज झाला. मामंजींच्या कपाळाची शीर उडाली. पण ताईपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती.

“पावलं मी काढते, वन्सं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि यंदा गौर वासंती आणेल.”

दरवर्षी गौर आत्यांची नात आणत असे. पण पहिल्या गौरीला सून हवी हे आत्यांना एकदम पटलं. गुडघे दुखणाऱ्या बाईने पावलं काढायचं ओढवून घेतलं याचं मला थोडं नवल वाटलं. तेवढंच.

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. नदीवरून सात खडे वेचून आणायचे आणि त्यांनाच गौर म्हणून बसवायचं. ज्या घरात एका दगडापायी आम्ही गुडघे फोडून घेत होतो, त्या घरात आणखी सात दगड वाजतगाजत आणायचे, याची मला आधीपासूनच गंमत वाटत होती. नियम एकच कडक. खडे उचलल्यापासून ते देवघरात ठेवीपर्यंत आणणारीने तोंडातून अक्षर काढायचं नाही. मुक्याने यायचं.

घाटावर गेले, सात गुळगुळीत खडे वेचले, तांब्यात ठेवले. कृष्णा भरून वाहत होती. उदय मागून घंटा वाजवत येत होता. बँकेतलं कोणी दिसलं की घंटा खिशात घाली.

दारात आत्यांनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं. एक थेंब आत उडू नये म्हणून मामंजी फ्लॅनेल घेऊन उंबऱ्याच्या आत उकिडवे बसले होते. गौरीचं स्वागत करायला इतका सावध माणूस मी दुसरा पाहिला नाही.

“कोण आलं?” आत जाऊन आत्यांनी विचारलं.

“गौर आली,” सासूबाईंनी माझ्या वतीने उत्तर दिलं.

“कशाच्या पावलांनी आली?”

“हळदीकुंकवाच्या पावलांनी आली.”

मी खाली पाहिलं. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत लालभडक पावलांची रांग. मूठ कुंकवात बुडवून टेकवलेली, वर बोटाने टिपलेले पाच ठिपके. सुरेख काढली होती आणि अजून ओली होती. मी पहिल्या पावलावर पाय ठेवला आणि मला वास आला. लिंबाचा.

पुढच्या पावलाच्या कडेला बारीक फेस होता. मोहरीएवढे बुडबुडे येत होते, फुटत होते. दिसायला नाजूक, पण मी केमिस्ट्रीची पोर. फरशी खाल्ली जात होती, माझ्या डोळ्यांदेखत, आणि सोमवारची नोकरी तिच्याबरोबर.

“हं! हं!” मी तोंड मिटून ओरडले.

“गप्प!” आत्या गरजल्या. “मुक्याने! गौर परत जाईल!”

मी मान हलवली, डोळे फिरवले, तांब्याने खाली खूण केली. मामंजी हरखून बघत राहिले. त्यांना वाटलं, अंगात आलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या देवघराच्या दारात शांत उभ्या होत्या.

“पावलांवर नीट पाय देत ये,” त्या म्हणाल्या. “दाबून.”

मग खडे बसवणं, पूजा, आरती, भाजी-भाकरीचा नैवेद्य. तास गेला. स्वयंपाकघरात त्या एकट्या सापडल्या तेव्हा मी त्यांचा हातच धरला.

“आई, कुंकू कशात कालवलंत?”

“लिंबात. रंग खुलतो. का गं?”

इतका निष्पाप चेहरा मी आजवर पाहिलेला नाही.

“आई, आत्ताच्या आत्ता पुसायला हवं ते. नाहीतर…”

“छे! गौर घरात आहे तोवर पावलांना हात लावायचा नाही. परवा गौर पोचवली की मग.”

तीन दिवस! लगेच धुतलं असतं तर पॉलिशवाल्याने निभावून नेलं असतं. मामंजींना जाऊन सांगितलं असतं तर त्यांनी गौरीची पर्वा न करता बादली आणली असती. फरशी वाचली असती, माझी नोकरीही वाचली असती. आणि सासूबाईंचं काय झालं असतं? नणंदेदेखत, चार बायकांदेखत मामंजींनी त्यांची जी सालटी काढली असती ती मला ऐकवली नसती. दारापर्यंत जाऊन मी परत आले. मला त्या बाईची कीव आली होती, खरं सांगायचं तर. बिचारी, शिकलेली नाही, हिला काय माहीत लिंबात काय असतं. मी गप्प बसले आणि घावनांचं पीठ भिजवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी घावन-घाटलं झालं. सगळे ओरपत होते. हॉलमधून जाताना मी दर वेळी बघे. कुंकू वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी गौर नदीत सोडून आले. येताना रीतीप्रमाणे मूठभर वाळू आणली, घराच्या चारी कोपऱ्यांत टाकायला. ती पाहून मामंजी भिंतीला टेकले. “वाळू? माझ्या फरशीवर?” आत्या म्हणाल्या, “बाळ्या, चार कण आहेत. मरत नाहीस.” पण त्या चार कणांची काळजी दोनच मिनिटं टिकली. मामंजींनी बादली घेतली, गुडघे टेकले आणि पहिलं पाऊल स्वतःच्या हाताने पुसलं.

कुंकू गेलं. पाऊल राहिलं.

त्यांनी पुन्हा पुसलं. धोतराने पुसलं. मग बॅटरी मागवली. चकचकीत पांढऱ्या फरशीत फिकट गुलाबी, खरबरीत पाऊल, पाची बोटांसकट. त्यांनी दुसरं पुसलं, तिसरं पुसलं. सगळी तशीच. मामंजी पालथे पडले, गाल टेकला, आणि मग त्यांचा जो आवाज आला तो मी कोर्टात ऐकला असता तर गुन्हा कबूल केला असता.

“कुंकू कोणी कालवलं?”

सासूबाईंनी तोंड उघडलं. मी पुढे झाले.

“मी,” मी म्हणाले. “मी कालवलं. लिंबात.”

सासूबाईंनी झटकन माझ्याकडे पाहिलं. कारखाना गेला, प्रयोगशाळा गेली, आता जन्मभर फ्लॅनेल. पण तोंडातून निघालं ते निघालं, आणि मला त्याचा पस्तावाही होत नव्हता.

“लिंबात?” मामंजी उठून बसले.

“हो. लिंबातल्या ॲसिडनं संगमरवर झिजतो. मी तुम्हाला मागे…”

“लिंबानं दगड झिजतो?” ते कडाडले. “मला दूधखुळा समजतेस? लिंबात व्हिटॅमिन असतं!”

“लिंबानं झिजायला तो काय साबण आहे?” आत्या म्हणाल्या. “आमच्या गावच्या देवीला शंभर वर्षं लिंबांची माळ घालतात. देवी आहे तिथंच आहे.”

ती देवी काळ्या पाषाणाची होती. पण हे सांगण्याची माझ्यात हिंमत उरली नव्हती. खरं बोलून मी मोकळी झाले होते आणि कोणी मला पकडायलाच तयार नव्हतं.

“मग झालं काय हे?” मामंजी म्हणाले. “कुंकू नाही, लिंबू नाही, मग आलं कुठून?”

तेव्हा सासूबाई, कमरेला हात लावून, सावकाश खाली बसल्या. त्या हॉलमध्ये गुडघे टेकलेले मी त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांनी पहिल्या पावलावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि कपाळ टेकवलं.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “गौर गेलीच नाही.”

आत्यांचा हात छातीवर गेला. “अगं बाई! पावलं ठेवून गेली! बापटांच्या सात पिढ्यांत असं झालं नाही गं, इंदू!” आणि त्याही खाली बसल्या.

“ताई,” मामंजी चाचरत म्हणाले, “उद्या पॉलिशवाल्याला बोलावून जरासं…”

“पॉलिश? लक्ष्मीची पावलं मशिनीनं घासणार? अरे करंट्या!”

मामंजी आपले ओठ हलवत राहिले. जन्मभर वरचा हुकूम पाळलेला माणूस, त्याच्यावर एकदम सर्वात वरून हुकूम आला होता आणि अपील करायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दर्शनाला पहिली बाई आली. संध्याकाळपर्यंत चाळीस. कोणी निरांजन ठेवलं, तेल सांडलं. कोणी नारळ फोडला, तोही तिथंच. उदबत्तीची राख, हळद, दूध, ओल्या पायांची रांग. मामंजी पहिले दोन दिवस फ्लॅनेल घेऊन माणसांमागे धावले. तिसऱ्या दिवशी दिवाणी न्यायाधीशांच्या पत्नी आल्या. ज्या साहेबांपुढे मामंजी कधी खुर्चीत बसले नव्हते त्या साहेबांच्या पत्नी, आणि त्यांनी मामंजींच्या फरशीवर डोकं टेकवलं. त्यानंतर मामंजींनी फ्लॅनेल खाली ठेवलं.

“मला पहिल्या दिवशीच जाणवलं होतं,” ते लोकांना सांगू लागले. “सून आत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत वेगळंच काही होतं.”

शनिवारी पुण्याला परतताना आत्यांनी फर्मान काढलं. या फरशीला आता रोज फडकं मारायचं नाही. आठवड्यातून एकदा, आंघोळ करून, साध्या पाण्याने. त्या रात्री जेवताना सासूबाई ताकाची वाटी मामंजींपुढे ठेवत म्हणाल्या, “म्हणजे वासंतीला परवा जायला हरकत नाही. गौर तिच्या पायानं आली. तिला अडवणं बरं दिसायचं नाही.”

मामंजींनी भात कालवला. “अर्ज मंजूर,” ते म्हणाले.

रविवारी दुपारी दर्शनाची गर्दी वाढली म्हणून जागा करायला मी तो कोपऱ्यातला टीपॉय उचलला. खाली फरशीवर एक गोल चट्टा होता. ग्लासाच्या बुडाएवढा, खरबरीत. मी त्यावरून बोट फिरवलं. ओळखीचा स्पर्श होता.

“सरबताचा आहे,” मागून सासूबाई म्हणाल्या. “सात वर्षांपूर्वीचा. फरशी बसवली त्याच उन्हाळ्यातला. लिंबाचं सरबत सांडलं आणि मी ग्लास तसाच ठेवला. तेव्हापासून टीपॉय इथं आहे.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“इतकी वर्षं मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलं. मग तू त्यांना सांगितलंस ना, लिंबात ॲसिड असतं म्हणून? मी तांदूळ निवडत होते. तेव्हा कळलं.”

मी तिथेच फतकल मारून बसले. नऊ महिन्यांत या घरात माझं एक वाक्य कोणी ऐकलं होतं, आणि ते या बाईने ऐकलं होतं.

“मग मला आधी का नाही सांगितलंत?”

“तू खरं सांगितलं असतंस. बघ, सांगितलंसच.” त्यांनी बाहेर नजर टाकली. मामंजी एका बाईला पावलांची लांबी समजावत होते. “फेस येणार आणि तुला तो दिसणार, हे मला ठाऊक होतं. तू ओरडली असतीस. म्हणून तर तुला गौर आणायला धाडलं. मुक्यानं.”

मला हसू फुटलं ते थांबेना. पदर तोंडात कोंबावा लागला. त्याही हसत होत्या, आवाज न करता, खांदे हलवत. मग थांबल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“पण तू सगळं स्वतःवर घेशील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं गं,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले. “चल, टीपॉय ठेव जागच्या जागी. आणि मी सहा वर्षं पुसली, तुला तीस वर्षं पुसायला लावणार होते काय?”

सोमवारी सकाळी मी गौरीच्या पावलांवरून उलट दिशेने चालत घराबाहेर पडले. कारखान्यात दुपारी प्रयोगशाळेतल्या टेबलावर डबा उघडला. पोहे होते. वर, नीट कापून ठेवलेलं, अर्धं लिंबू.